इन्चार्ज सिस्टरला शिकवायचं तरी काय? वॉर्डातली ओढाताण आणि प्रशिक्षण

रातपाळी

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी नर्सिंग एज्युकेशनचं काम बघते. अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या आमच्या इन्चार्ज सिस्टरांसाठी (आणि इन्चार्ज ब्रदरांसाठी) प्रशिक्षण ठरवायची जबाबदारी माझ्या गळ्यात आलीय. एचआरने पाठवलेला मसुदा असा: सकाळी ताणतणाव व्यवस्थापन, दुपारी संवादकौशल्य, दुसऱ्या दिवशी वेळेचं नियोजन, शेवटी एक प्रेरणादायी वक्ता आणि ग्रुप फोटो. यातलं वाईट काहीच नाही. पण इन्चार्जच्या कामाचंही फारसं काही नाही, असं माझं मत झालंय.

इन्चार्जचं दुखणं वेगळंच असतं. तिला दोन बरोबर गोष्टी एकाच वेळी सांगितल्या जातात. फाइल पूर्ण हवी, कारण एनएबीएचचे (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेचे) लोक येणार. आणि सिस्टर पेशंटजवळ हवी, कारण फीडबॅक फॉर्मवर ‘बेल वाजवूनही कुणी आलं नाही’ असं लिहून येतं. नियम सगळ्यांना सारखा हवा. आणि जिचं बाळ आठ महिन्यांचं आहे तिची अडचणही बघायला हवी. कॅज्युअल्टी बेड मागते, आधीच्या पेशंटचं टीपीएकडून (विम्याचे दावे बघणाऱ्या मध्यस्थाकडून) अप्रूव्हल आलेलं नाही म्हणून तो कपडे बदलून बेडवरच बसलाय, आणि त्याच्या मुलाचा पारा चढलाय. ज्युनिअरला मोकळेपणाने चूक सांगता आली पाहिजे, आणि तीच चूक परत होताही कामा नये. यातलं एक धरून दुसरं सोडता येत नाही. आज कसंबसं निभावलं तरी उद्या सकाळच्या ओव्हरला (पाळी बदलताना चार्ज देण्याघेण्याला) ते पुन्हा हजर.

व्यवस्थापनशास्त्रात यावर काम झालंय. वेंडी स्मिथ आणि मॅरिअन लुईस यांनी २०११ मध्ये याची मांडणी केली. त्याच्या कितीतरी आधीपासून बॅरी जॉन्सन यांची एक कागदावर करायची पद्धत वापरात आहे. म्हणणं साधं आहे: काही अडचणी सोडवून संपतात, काही जोड्या मात्र कायम सांभाळायच्या असतात. दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचं औषध दिलं की इन्चार्जला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि ती वर्षभरात ‘मला परत स्टाफ नर्स करा’ म्हणून अर्ज घेऊन येते. असे अर्ज माझ्या टेबलावर आलेत.

तर विचारायचंय हे, की असलं काही शिकवता येतं का? येत असेल तर कसं? तुमच्या वॉर्डातले खरे प्रसंग द्या, ओळख पटणार नाही अशा बेताने.

चहाबिस्कीट

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी माणसं द्या म्हणावं, मग प्रशिक्षण. वक्त्याच्या मानधनात एक मावशी महिनाभर कामाला आली असती.

कंत्राटी_कामिनी

चहाबिस्कीट, +१.

रातपाळीताई, राग मानू नका, पण ‘समतोल साधा’ हे वाक्य मी जेव्हा जेव्हा ऐकलंय तेव्हा समतोलाचा जड भाग माझ्याच पदरात पडलाय. मी एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी. शेजारी उभी असलेली कायम. पेशंट तेच, इंजेक्शन तेच, नाइट तीच. पगार आणि रजा मात्र वेगळ्या. आमच्या परिसेविका (म्हणजे सरकारी इन्चार्ज) बाई स्वभावाने चांगल्या, पण एखादीला पाळी संपल्यावर अचानक थांबवायचं झालं की आधी आमचं नाव घेतात, कारण आम्ही नाही म्हणू शकत नाही हे त्यांनाही ठाऊक. त्यांना तुम्ही दोन दिवस कुठल्याही कागदावर काहीही काढायला लावलंत तरी माझ्या ऑर्डरवरची तारीख बदलणार आहे का?

जुनी_टोपी

सरकारी रुग्णालयातून अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले. अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), मग परिसेविका, मग सहायक अधिसेविका, असा सगळा जिना चढलेय, म्हणून थोडं अधिकाराने लिहिते.

आमच्याकडे परिसेविकेची ऑर्डर ज्येष्ठतेने यायची. आदल्या दिवशीपर्यंत तुम्ही औषधं वाटताय, दुसऱ्या दिवशी तुमच्या हातात इंडेंट बुक (सामान मागवायची वही), डेड स्टॉक रजिस्टर (कायम वस्तूंची नोंदवही), किल्ल्यांचा जुडगा आणि ड्युटी लिस्ट. शिकवणारं कुणी नाही. उत्तम सिस्टर म्हणजे उत्तम इन्चार्ज हे गृहीतच. खरं तर उत्तम सिस्टरला इन्चार्जगिरी जास्त जड जाते, कारण तिला वाटतं सलाइन स्वतः लावलं की प्रश्न मिटला. ती स्वतः सलाइन लावत बसते आणि लिस्ट रात्री घरी नेऊन करते.

कामिनी म्हणतेय ते खरं आहे, आणि चहाबिस्कीट यांचंही. म्हणून मी एक चाळणी वापरायचे. कुठलीही तक्रार आली की पहिला प्रश्न: उद्या या वॉर्डात प्रत्येक पाळीला दोन माणसं वाढली तर ही तक्रार संपेल का? संपणार असेल तर ती ओढाताण नव्हे, तो तुटवडा. तो इन्चार्जने पोटात घालायचा नाही, आकड्यासकट वर पाठवायचा. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, साध्या रुग्णालयात पाचामागे एक, वर रजेवरच्यांच्या बदलीसाठी ३० टक्के राखीव. ३० खाटांचा साधा वॉर्ड घ्या. पाळीला सहा, तीन पाळ्यांना अठरा, राखीव धरून तेवीस-चोवीस नावं लिस्टवर हवीत. किती असतात ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, फार चांगलं झालं. पण त्या सहा महिन्यांत लिस्टवर बदली नाव येत नसेल तर ती रजा सरकार देत नाही, शेजारची सिस्टर देते.

माणसं वाढूनही जी तक्रार उरेल, ती खरी ओढाताण. कायम आणि कंत्राटी हे दोन्हीत मोडतं, कामिनी. पगार तुमच्या परिसेविकेच्या हातात नाही. अचानक थांबवायचं झालं तर कुणाचं नाव आधी घ्यायचं, ते मात्र पूर्णपणे तिच्या हातात आहे.

आकडेमोड

मी त्या ‘वरच्या’ लोकांपैकी. खासगी रुग्णालयात ऑपरेशन्स आणि खर्च बघतो. दगड मारा, पण ऐकून घ्या.

लिंडा एकन यांचा २००२ चा अभ्यास आम्हालाही माहीत आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली रुग्णालयं घेतली होती. एका नर्सवर एक शस्त्रक्रियेचा पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि नर्स कामाला विटण्याची २३ टक्क्यांनी. त्यामुळे ‘माणसं वाढवून काय होणार’ असं आमच्यातलं शहाणं माणूस म्हणत नाही. अडचण अशी, की इन्चार्ज माझ्याकडे येते ती ‘सर, स्टाफ कमी आहे, खूप त्रास होतो’ एवढंच घेऊन. त्याच आठवड्यात रेडिऑलॉजीवाला मशीनच्या बिघाडाचे तास, परत पाठवलेले पेशंट आणि बुडालेलं बिल घेऊन येतो. पैसे त्याला मिळतात. दोष तिचा नाही, तिला कुणी बजेटचा कागद दाखवलेलाच नाही. ओव्हरटाइमवर किती जातात, एक अनुभवी आयसीयू सिस्टर आखातात किंवा आयर्लंडला गेली की नवीन तयार करायला किती महिने जातात, हे मांडता आलं तर माझीच वरची भांडणं सोपी होतील.

म्हणून प्रशिक्षणात एक सत्र आकड्यांचं ठेवा. वक्ता काढून टाका, माझी हरकत नाही.

चहाबिस्कीट

आकडेमोड साहेब, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने जी समिती नेमली, तिने २०० च्या वर खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा अशी शिफारस केली होती. तुमच्या एक्सेलमध्ये तो कॉलम आहे का हो?

आकडेमोड

नाही. आणि का नाही ते इथे लिहिलं तर नोकरी जाईल. :)

मिरजेचा_ब्रदर

आयसीयू इन्चार्ज. रातपाळीताईंनी बॅरी जॉन्सनचं नाव काढलं म्हणून लिहितो, कारण तो कागद आम्ही एका कार्यशाळेत केला होता आणि मला तो उपयोगी पडला. थिअरी सांगत नाही, केलं कसं ते सांगतो.

विषय घेतला गणपती आणि ओणमचा. बाहेरच्यांना कळणार नाही, पण आपल्याकडे हा मोठा मामला आहे. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला, मग गौरी, आणि थिरुओणम ५ सप्टेंबरला. कोकणातल्या मुली गणपतीला गावी जाणार म्हणजे जाणारच. केरळच्या सिस्टरांचं तिकीट चार महिने आधी काढलेलं. आमच्याकडे ख्रिश्चन स्टाफही बराच, त्यांचं म्हणणं की आम्ही नाताळला ड्युटी केली ते कुणाच्या लक्षात आहे का. आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सण नसतो, तिथे एकाला एक सिस्टर लागतेच.

मोठा कागद घेतला, मध्ये उभी आडवी रेघ मारून चार चौकोन केले. डाव्या बाजूला ‘सगळ्यांना एकच नियम’, उजव्या बाजूला ‘ज्याची त्याची अडचण बघून’. वरच्या दोन चौकोनांत दोन्हींचे फायदे, खालच्या दोन्हींत ती गोष्ट अति झाली की काय होतं ते. फायदे लिहायला वेळ लागला नाही. खालचे चौकोन भरताना खरी मजा आली. नियमाचं अति झालं की काय होतं? मुली खोट्या आजारी पडतात. परस्पर अदलाबदल करतात आणि इन्चार्जला हँडओव्हरच्या वेळी कळतं की कविताच्या जागी सविता उभी आहे. अडचण बघण्याचं अति झालं की? बिनलग्नाच्या मुलींवर सगळ्या नाइट पडतात, कारण त्यांना ‘घरचं काही नसतं’. हे एका ज्युनिअर मुलीने लिहिलं तेव्हा खोलीतल्या निम्म्या सीनिअर खाली बघायला लागल्या.

त्यानंतरचा भाग सगळ्यात कामाचा. प्रत्येक खालच्या चौकोनासाठी लक्षणं ठरवायची, म्हणजे अति व्हायच्या आधी ओळखता आलं पाहिजे. आम्ही ठरवली ती अशी: रविवार-सोमवारचे आजारपणाचे फोन वाढले, किंवा कुणी इन्चार्जला टाळून थेट सुपरवायझरकडून ऑफ आणला, तर समजायचं नियम फार ताणला गेलाय. एकाच व्यक्तीच्या लागोपाठ तिसऱ्या महिन्यात सरासरीपेक्षा जास्त नाइट दिसल्या तर समजायचं माया फार झाली. दोन्ही गोष्टी ड्युटी लिस्टवरूनच दिसतात, वेगळं रजिस्टर लागत नाही.

आता आमच्याकडे सणांची यादी जानेवारीतच लागते. ज्याने त्याने एक सण पहिला म्हणून लिहायचा, एक दुसरा. पहिला शक्य तितका मिळतो, आणि ज्याला यंदा मिळाला नाही त्याचं नाव पुढच्या वर्षी वर. भांडणं थांबली का? नाही. पण भांडण आता यादीशी होतं, माझ्याशी कमी.

रातपाळी

ब्रदर, ‘बिनलग्नाच्या मुली’ हा मुद्दा मी तसाच उचलणार आहे. आमच्याकडची हॉस्टेलची मुलगी म्हणजे रुग्णालयाचा स्पेअर टायर झालीय.

लीड्सकरीण

मी इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) वॉर्ड मॅनेजर, म्हणजे तुमच्याकडची इन्चार्ज आहे, मूळची साताऱ्याची. इकडची दोन उदाहरणं, एक भीतीचं आणि एक कामाचं.

भीतीचं म्हणजे स्टॅफर्ड. तिथल्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात पेशंटचे जे हाल झाले त्यावर रॉबर्ट फ्रान्सिस यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, २९० शिफारशींचा. वरून दोन गोष्टींचा रेटा होता: खर्च कमी करा, आणि कॅज्युअल्टीतला पेशंट चार तासांच्या आत हलवा. दोन्ही मागण्या कागदावर चुकीच्या नव्हत्या. पण समोरचं टोक, म्हणजे पेशंटला पाणी मिळतंय का, त्याची चादर बदलली का, हे बोलणारं कुणी उरलं नाही. जे बोलले त्यांचं ऐकलं गेलं नाही. त्या अहवालातली एक शिफारस मी आमच्या ऑफिसात चिकटवून ठेवलीय: वॉर्ड मॅनेजरने देखरेखीसाठी मोकळं असावं, ऑफिसात अडकून पडू नये, आणि आणीबाणी सोडली तर तिला पाळीच्या स्टाफमध्ये मोजू नये. इथेही ती रोज पाळली जाते असं नाही. कुणी आजारी पडलं की पहिला बळी माझ्या मोकळ्या दिवसाचा. पण मागायला आधार तरी आहे.

तुमच्याकडे इन्चार्ज पाळीच्या आकड्यात धरली जाते का? धरली जात असेल तर तिने ब्रदरांचा तो कागद कधी बघायचा?

कामाचं उदाहरण प्रशिक्षणाबद्दल. इकडे नव्या मॅनेजरांसाठी मेरी सीकोल यांच्या नावाचा कार्यक्रम असतो, तो ठीक आहे. पण मला जास्त उपयोग झाला तो छोट्या गटाचा. सहा-सात वॉर्ड मॅनेजर, महिन्यातून एकदा, बंद खोली. एकीने आपला अडलेला प्रसंग सांगायचा. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. ‘मी तुझ्या जागी असते तर’ अशी सुरुवात केली की दंड म्हणून बिस्किटं आणायची. ही पद्धत रेग रेव्हान्स या माणसाची. त्याने ती आधी कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांबरोबर वापरली आणि १९६० च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांमध्ये आणली. सल्ला न देता प्रश्न विचारणं आपल्या मराठी बायकांना फार कठीण जातं, स्वानुभव. पण पाचव्या-सहाव्या प्रश्नाला समोरची स्वतःच म्हणते, ‘अगं, मी त्या रेसिडेंट डॉक्टरला घाबरते म्हणून मुलीला ओरडले.’ हे दोन दिवसांच्या व्याख्यानात निघत नाही.

नाइट_सुपर

मला चुकांच्या मुद्द्यावर बोलायचंय, कारण इन्चार्ज तिथेच सगळ्यात जास्त चेपली जाते. प्रसंग देते, रुग्णालय कुठलंही समजा.

आपल्याकडे इन्सुलिन मिलीला ४० युनिटचं आणि १०० युनिटचं, दोन्ही मिळतं. सिरिंजाही दोन, ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी. वॉर्डात कायम लाल टोपीच्या असायच्या. एकदा स्टोअरमध्ये त्या संपल्या म्हणून इंडेंटवर नारिंगी आल्या. डबा तोच, ट्रॉलीची जागा तीच. नाइटला नवीन मुलगी, एकटी, पेशंट भरपूर. तिने ४० च्या व्हायलमधून २० च्या रेघेपर्यंत भरलं. १०० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे ०.२ मिली, म्हणजे त्या व्हायलचे फक्त ८ युनिट. पेशंटची शुगर उतरेना. सकाळी तिनेच ट्रॉली आवरताना टोपीचा रंग बघितला, आणि तिनेच येऊन सांगितलं. पेशंटला इजा झाली नाही.

आता इन्चार्जने काय करावं? इन्सिडेंट फॉर्म (झालेली चूक कळवायचा) भरला तर मुलीला मेमो. नाही भरला तर उद्या दुसऱ्या वॉर्डात उलटं होईल, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, आणि अडीच पट डोस जाईल. डॉक्टर म्हणतात, ‘सिस्टर, तुमच्या मुलींना लक्ष द्यायला सांगा.’ स्टोअर म्हणतं, ‘आम्ही तर सिरिंज दिली.’ मुलगी म्हणते, ‘सिस्टर, मी सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं का?’

कंत्राटी_कामिनी

तिचं चुकलं काय मग? सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं, हे आमच्याकडे सगळ्या जणी नगरनंतर शिकल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली, पेशंट गेले, आणि अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. संघटनांनी निषेध केला. पण ती बातमी प्रत्येक नर्सच्या व्हॉट्सअॅपवर फिरली होती. त्यानंतर कुठल्या तोंडाने मला सांगता की फॉर्म भर, काही होत नाही?

जुनी_टोपी

काही होत नाही असं सांगूच नये. खोटं असतं ते.

पण नाइट_सुपर यांच्या प्रसंगात इन्चार्जने फॉर्म भरावाच, आणि तो मुलीच्या नावाने सुरू करू नये. ‘अमुक तारखेला वॉर्डात वेगळ्या मापाच्या सिरिंजा पूर्वसूचना न देता आल्या’ इथून सुरू करावा. हे मुलीला पाठीशी घालणं नव्हे, घटनेचा क्रमच तसा आहे. डेव्हिड मार्क्स नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने हे नीट वेगळं केलंय. एक साधी चूक, तिथे माणसाला धीर द्यायचा. दुसरी धोक्याची सवय, म्हणजे ‘आम्ही कधीच दुसरीकडून डोस तपासून घेत नाही, वेळ कुठे आहे’. तिथे समजवायचं आणि सवय का लागली ते शोधायचं. तिसरी बेपर्वाई, जाणूनबुजून केलेली, तिथे कारवाई. आपल्याकडे तिन्हींना एकच मेमो. आणि मेमोचा मजकूरही छापील, फक्त नाव बदलायचं.

इन्चार्जांना हाच प्रसंग देऊन फॉर्म लिहायला लावा. भाषण नको. दहा जणींचे दहा फॉर्म भिंतीला लावा आणि बघा किती जणींचं पहिलं वाक्य मुलीच्या नावाने सुरू होतं.

सहज_वाचक

मी नर्सिंगमधला नाही, वडील बरेच दिवस ॲडमिट होते तेवढाच संबंध. तुमची चर्चा वाचून एक विचारावंसं वाटलं. आम्हा नातेवाइकांना वॉर्डात इन्चार्ज कोण हेच कळत नसे. गणवेश सारखे, बिल्ल्यावर नाव बारीक. मग जी दिसेल तिच्यावर आम्ही ओरडायचो. तुमच्या त्या चार चौकोनांत आमची पण एखादी जागा आहे का?

लीड्सकरीण

सहज_वाचक, आहे की! भेटीची वेळ हीच एक मोठी ओढाताण. नातेवाईक हवेत, कारण पेशंट त्यांच्या हातून जेवतो. आणि नकोत, कारण एका बेडभोवती सात जण बसतात. पण तुम्ही सांगताय तो बिल्ल्याचा प्रश्न ओढाताणही नाही आणि तुटवडाही नाही, ठळक अक्षरांचा बिल्ला करून संपेल. असे छोटे सुटणारे प्रश्न आधी सोडवावेत, उगाच तत्त्वज्ञान लावू नये.

आकडेमोड

जुनी_टोपी मॅडम, चाळणी आवडली, पण भीती सांगतो. तुम्ही इन्चार्जांना ‘तुटवडा वर पाठवा’ म्हणालात की सगळंच तुटवडा होऊन माझ्या टेबलावर येणार. ज्युनिअरशी नीट न बोलणं हाही तुटवडा, ओव्हर अर्धवट देणं हाही तुटवडा. मी काय करू त्याचं?

जुनी_टोपी

येऊ द्या. पण अट घाला: आकडा नसेल तर कागद परत. किती पाळ्या, किती पेशंट, किती कमी, त्यामुळे नेमकं काय राहिलं. ‘खूप त्रास होतो’ चालणार नाही. आणि दुसरी अट तुमच्यावर: आकडा असलेल्या कागदाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर, नकार असला तरी कारणासकट. आमच्या काळी कागद वर जायचा आणि वरच राहायचा. एकतर्फी शिस्त नको.

आकडेमोड

लेखी नकार द्यायला लावताय म्हणजे उद्या काही झालं की तो कागद माझ्याविरुद्ध वापरणार.

चहाबिस्कीट

हो. आता कळलं इन्सिडेंट फॉर्म भरताना सिस्टरच्या पोटात गोळा का येतो?

रातपाळी

चहाबिस्कीट, तुम्ही एका ओळीत आमचं एक सत्र उरकलंत.

सगळं वाचून मसुदा बदललाय. सलग दोन दिवस नकोतच. सुरुवातीला एक दिवस: सकाळी प्रत्येकीने आपल्या वॉर्डातला एक प्रसंग आणायचा आणि तो चाळणीतून काढायचा. तुटवडा निघाला तर आकडेमोड म्हणतात तसा मांडायला शिकायचा, त्या सत्राला आमच्या अकाउंट्समधल्या माणसाला बसवणार आहे आणि वॉर्डाचं बजेट पहिल्यांदा इन्चार्जच्या हातात देणार आहे. उरलेल्यांतली एक जोडी घेऊन दुपारी चार चौकोन, लक्षणांसकट. इन्सुलिनचा फॉर्म शेवटी. त्यानंतर सहा महिने दर महिन्याला दीड तासाचा छोटा गट, लीड्सकरीण म्हणतात तसा, फक्त प्रश्न. गटात मेट्रन नको आणि एचआरही नको, नाहीतर कुणी तोंड उघडणार नाही. क्रेडिट तास मिळतील अशी खटपट करते, नोंदणी नूतनीकरणाला कामी येतात म्हटलं की हजेरी आपोआप लागते.

कामिनी, तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम घातलीय. चार चौकोनांच्या सत्रात प्रत्येक इन्चार्जबरोबर एक सगळ्यात कनिष्ठ सिस्टर बसेल, शक्यतो दुसऱ्या वॉर्डातली. खालचे चौकोन आधी ती भरणार.

दोन गोष्टी अडल्यात. त्या दिवशी वॉर्ड कोण सांभाळणार? आणि इन्चार्जला पाळीच्या आकड्यातून बाहेर काढायचं आमच्या मेडिकल डायरेक्टरांना कसं पटवायचं?

कंत्राटी_कामिनी

कनिष्ठ सिस्टर बसवणार असाल तर ती तिचा ऑफ वाया घालवून येणार नाही, एवढं बघा. ड्युटी धरा.

जुनी_टोपी

वॉर्ड सांभाळायला सेकंड सिस्टरला (इन्चार्जच्या खालोखालच्या) त्या दिवसाचा चार्ज द्या, पण नावापुरता नको. लेखी द्या, लिस्ट बदलायचा आणि रजा मंजूर करायचा अधिकार त्या दिवसापुरता तिचा. तुमच्या प्रशिक्षणाच्या बाहेर अजून एक प्रशिक्षण फुकटात होईल. सुपरवायझरला सांगून ठेवा, मध्ये पडायचं नाही.

आकडेमोड

डायरेक्टरांचं मी सुचवतो. सगळ्या वॉर्डांचं एकदम मागू नका, मिळणार नाही. दोन वॉर्ड घ्या, तीन महिने इन्चार्ज आकड्याबाहेर. आधीच्या आणि नंतरच्या तीन महिन्यांचं पेशंट पडणं, औषधांच्या चुका, बेडसोअर, सोडून गेलेला स्टाफ आणि ओव्हरटाइम एवढंच मांडा. आणि शेवटच्या तासाला त्यांना बोलवा, भाषणाला नव्हे, ज्या कागदांना उत्तर हवंय ते ऐकायला. येतील की नाही सांगता येत नाही. नाही आले तर ते कागद माझ्यासारख्या कुणाकडे तरी येतीलच, आणि हो, लेखी उत्तर देईन. :)

मिरजेचा_ब्रदर

तारीख गणपतीच्या आसपास ठेवू नका बुवा. आणि रातपाळीताई, इन्सुलिनचं सत्र घेताना प्रसंग नुसता वाचून दाखवू नका. दोन्ही व्हायली, दोन्ही सिरिंजा टेबलावर ठेवा, खोलीतला दिवा थोडा मंद करा, मागून कुणालातरी बेल वाजवत राहू दे, आणि प्रत्येकीला २० युनिट भरून दाखवायला सांगा. आमच्याकडे डॉक्टरांनाही बसवलं होतं त्यात. त्यांच्यातल्या दोघांनी चुकीचं भरलं.